आधी सपाटी, मग जाडी: ऐरोलीतल्या एका घरगुती थिकनेसरचं प्रकरण

ऐरोलीच्या एका रो-हाउसमध्ये राहणाऱ्या काकांनी मला विचारलं, "१२ इंची थिकनेसर घेऊ की १३ इंची?" थिकनेसर म्हणजे फळ्या एकसारख्या जाडीच्या करणारं मशीन; इंच म्हणजे त्यात मावणारी फळीची रुंदी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलेला माणूस. दोन मशीनची माहितीपत्रकं छापून घेतलेली, त्यावर लाल पेनाने खुणा: रुंदी, वॅट, फेरे, वजन. अभ्यास पक्का होता. फक्त मशीनमधून जाणारं लाकूड कुठलं, याबद्दल त्या कागदांवर एक ओळही नव्हती. माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडलेला होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

लाकूड आणि जागा

काकूंचं माहेर नौपाड्यातलं. जुनं दुमजली घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा पाडकामाच्या आधी भावंडांनी मिळून सागवान उतरवून घेतलं. काकूंच्या वाट्याला कडीपाटाच्या फळ्या आल्या: सव्वा इंच जाड, नऊ-दहा इंच रुंद, सात-आठ फूट लांब. शिवाय चार बाय तीनच्या चौकटी, काही वासे आणि ऑइलपेंटचे थर चढलेल्या दाराच्या झडपा. यातून जेवणाचं टेबल, एक देवघर आणि दोन्ही भावांना एकेक चौरंग करायचा, असं काकूंनी ठरवलं होतं. काकांचा हात चांगला. रंधा, पटाशी, गुणिया ही त्यांची रोजची हत्यारं. प्रश्न एवढाच की इतक्या फळ्या एका जाडीच्या करायच्या कशा.

जागा म्हणजे पुढचं झाकलेलं पार्किंग, साधारण दहा बाय सोळा फूट. त्यात स्कूटर राहणारच. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. विजेला ६ अँपिअरचा एकच प्लग.

मिलमधून का नाही

नवं कापीव सागवान असतं तर मी मशीन घेऊच नका म्हणालो असतो. वर्षाला एखाद-दुसरं टेबल करणाऱ्याने वखारीतून माल घेताना तिथल्याच मशीनवर चारी बाजू मारून घ्याव्यात. मोठ्या ओतीव लोखंडी मशीनवर जे काम काही मिनिटांत होतं, त्यासाठी घरात जागा, पैसा आणि शेजाऱ्यांची शांतता खर्च करू नये. हे मी प्रत्येकाला सांगतो.

जुन्या लाकडाचं गणित वेगळं. काका दोन फळ्या घेऊन तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये गेले होते. मशीनवाल्याने फळी उलटी केली आणि एका काळपट ठिपक्यावर नख ठेवलं. "काका, यात खिळा तुटून राहिलाय. माझी पाती गेली तर दिवस गेला." त्याचं म्हणणं रास्त होतं. सागातली टॅनिनसारखी द्रव्यं आणि गंजलेलं लोखंड एकत्र आलं की लाकूड तिथे काळं पडतं. तो डाग म्हणजे आत काहीतरी आहे किंवा होतं, याची खूण. जुना माल मशीनवर न घेणारे लोक आडमुठे नसतात, त्यांनी पाती तुटताना पाहिलेली असतात.

म्हणजे घरच्या मशीनला इथे खरोखर कारण होतं. पण कोणतं मशीन, हे ठरवायच्या आधी ते काय करत नाही हे काकांनी डोळ्यांनी पाहणं मला गरजेचं वाटलं.

घोडबंदर रोडवरची एक फळी

माझ्या ओळखीच्या एका हौशी माणसाकडे, घोडबंदर रोडला, टेबलावर बसणारा १२ इंची थिकनेसर आहे. काकांची सर्वांत पीळ असलेली फळी आम्ही तिकडे नेली. आधी ती ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर ठेवली. तीन कोपरे टेकले, चौथ्याखाली चार मिलिमीटरची फट. मशीनमधून ती हलक्या हाताने पाच-सहा वेळा काढली. धुरकट करडा थर गेला, खालून सोनेरी साग निघाला, सगळ्या खोलीत त्याचा तेलकट वास पसरला. काका खूश. मग तीच फळी परत ओट्यावर ठेवली आणि मी चौथा कोपरा बोटाने दाबला. टक. सोडला, पुन्हा वर. फट तेवढीच.

"म्हणजे वाकडं लाकूड हे मशीन फक्त गुळगुळीत करून देतं?"

"हो काका. सरळ करून देत नाही."

कारण मशीनच्या रचनेत आहे. खाली सपाट पत्र्याचा पाट, वर फिरणारं पात्यांचं डोकं, त्याच्या पुढे-मागे रबरी रोलर. रोलर फळीला पाटावर दाबत पुढे ओढतात. मशीन वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतं, बस्स. खालची बाजू वाकडी असेल तर रोलरच्या दाबाखाली फळी तेवढ्यापुरती सपाट होते, पाती वरचा थर काढतात आणि बाहेर पडताच फळी स्प्रिंगसारखी मूळ पिळावर येते. जाडी सगळीकडे सारखी, पीळ तसाच. टेबलाला अशा तीन फळ्या जोडायला घेतल्या की सांधे उघडे पडतात, आणि शिकंजे कितीही आवळले तरी टेबल एका पायावर डुलत राहतं.

म्हणून पहिली बाजू सपाट कशी करणार, हा खरा प्रश्न. जाडी त्यानंतर. याला तीन वाटा आहेत. वेगळा सरफेस प्लॅनर घ्यायचा, ज्याला काही जण जॉइंटर म्हणतात. किंवा सरफेस आणि थिकनेस एकत्र असलेलं छोटं मशीन घ्यायचं. किंवा पहिली बाजू हाताने आणि युक्तीने करायची.

वेगळ्या सरफेस प्लॅनरला त्या पार्किंगमध्ये जागाच नव्हती. एकत्र मशीन कागदावर मोहक दिसतं, पण टेबलावर बसणाऱ्या आकारात त्याचे वरचे पाट आखूड असतात. सात फुटी फळी आखूड पाटावर सरळ करताना तिचं निम्मं वजन हवेत लटकतं आणि बाक निघण्याऐवजी फळी त्या बाकावरूनच सरकत जाते. तीन-चार फुटांच्या मालाला ते ठीक. कडीपाटाच्या फळ्यांना नाही.

तिसरी वाट मला पटली आणि काकांच्या हाताला साजेशीही होती. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या आणि एका टोकाकडून डोळा बारीक करून दोन्हींच्या वरच्या कडा जुळतात का पाहायचं. जिथे उंच, तिथे रंध्याने तिरके हात मारून उंचवटा काढायचा. पूर्ण गुळगुळीत करायची गरज नाही, फक्त ढोबळ पीळ काढायचा. उरलेलं काम तबकाचं: १८ मिलिमीटर प्लायची, मशीनच्या रुंदीपेक्षा थोडी अरुंद, फळीएवढी लांब पट्टी. टोकाला एक आडवी चिपटी ठोकलेली, म्हणजे रोलर ओढताना फळी तबकावरून घसरत नाही. तबकावर फळी ठेवायची, ती जिथे डुलते तिथे खाली बारीक पाचरी सरकवायच्या आणि ग्लू-गनच्या ठिपक्यांनी त्या पक्क्या करायच्या. आता मशीनसाठी खालची बाजू म्हणजे प्लायचा सपाट तळ. वरची बाजू सरळ निघते. मग तबक बाजूला ठेवून फळी उलटी घालायची आणि दुसरी बाजू पहिलीला समांतर करायची.

वेळखाऊ काम आहे. पण बारा-पंधरा फळ्यांसाठी वेगळं मशीन घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

मग मशीन कोणतं

इतकं ठरल्यावर माहितीपत्रकांकडे परत आलो. आता त्यांतले अर्धे आकडे बिनमहत्त्वाचे झाले होते. फळ्या दहा इंचांच्या आत, टेबलाचा वरचा भाग तसाही चार फळ्या जोडूनच होणार. १२ आणि १३ इंचांतला फरक इथे कुठेच आड येत नव्हता.

काकांचं मन मात्र १३ इंचीकडे ओढत होतं, कारण न्यू जर्सीतला भाचा डिवॉल्टचं डीडब्ल्यू ७३५ पाठवायला तयार होता. मशीन उत्तम आहे यात वाद नाही. तीन पाती, दोन वेग. हळू वेगात दर इंचाला १७९ काप, जलद वेगात ९६. आतला पंखा भुसा स्वतः बाहेर फेकतो. पण तिथलं मशीन १२० व्होल्टचं, १५ अँपिअरचं. आपल्या २३० व्होल्टवर ते चालवायचं तर किमान अडीच-तीन केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार. अशा ब्रशवाल्या मोटरला ६० ऐवजी ५० हर्ट्झ चालतं, ती अडचण नाही. अडचण जागेची आणि वजनाची: मशीनच सुमारे ४२ किलो, वर ट्रान्सफॉर्मर, आणि स्कूटर आत घ्यायची वेळ आली की रोज संध्याकाळी हे सगळं हलवणार कोण? शिवाय पाती आणि कार्बन ब्रश दर वेळी भाच्याच्या बॅगेतून येणार.

दुसरं टोक म्हणजे देशी बनावटीचं ओतीव लोखंडाचं थिकनेस मशीन. इंडक्शन मोटर, पट्टा, आवाज कमी, आयुष्य लांब. ज्याच्याकडे कायमची शेड आहे त्याने तेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पण ते काहीशे किलोंचं धूड एकदा बसवलं की बसवलं.

उरलं मकिताचं २०१२ एनबी, म्हणजे १२ इंची, दोन पात्यांचं, १६५० वॅटचं. वजन २७-२८ किलोंच्या आसपास, दोघांनी सहज उचलावं असं. डोकं मिनिटाला ८५०० फेरे घेतं आणि फळी मिनिटाला साडेआठ मीटर सरकते. हिशेब केला तर दर मिलिमीटरला दोन काप पडतात. डीडब्ल्यू ७३५ च्या हळू वेगात ते सात पडतात, तेव्हा पृष्ठभाग इथे थोडा खरखरीत निघणार. पण काका शेवटचा हात रंध्याचाच मारणार होते, त्यामुळे ही उणीव त्यांच्या कामात उणीव नव्हती. पाती दोन्ही बाजूंनी धारदार, एक धार गेली की उलटी लावायची. ती पाती आणि ब्रश ठाण्यात मिळतात का, हे आधी फोन करून विचारायला मी सांगितलं. मशीन पसंत करण्याआधी हा फोन करावाच.

स्पायरल कटरचाही विचार केला. त्यात लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे असतात. खिळा लागला तर एखादाच तुकडा फिरवायचा, चारही धारा वापरायच्या, आणि आवाजही कमी. सागात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार लवकर बोथट करते, कार्बाइड तिथे टिकतं. पैशाची अडचण नसती तर मी तेच सुचवलं असतं. पण किंमत बरीच जास्त, आणि काकांचं काम एका घराच्या लाकडापुरतं.

मी अट घातली ती रकमेची: ठरवलेल्या पैशातला चौथा हिस्सा मशीनला हात न लावता बाजूला ठेवायचा. वायरिंग, जादा पाती, भुसा ओढायची सोय आणि कानाचे मफ यातून. हा हिस्सा मशीनमध्ये गेला की लोक उघड्या नाकाने भुसा ओढत काम करतात, हे मी बरंच पाहिलं आहे.

वीज, भुसा, आवाज

१६५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सव्वासात अँपिअर, आणि चालू होताना क्षणभर त्याहून पुष्कळ जास्त. ६ अँपिअरच्या प्लगवर हे लावायचंच नाही. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, सी-प्रकारचा (चालू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा) असं वायरमनकडून करून घेतलं. काकांचा स्वतःचा विषय, त्यामुळे मला फार बोलावं लागलं नाही.

भुशाचा अंदाज बहुतेकांना नसतो. आठ इंच रुंद, आठ फूट लांब फळीवरून एक मिलिमीटर काढला की घन लाकूड जेमतेम अर्धा लिटर निघतं, पण फुगून त्याचे तीन-चार लिटर होतात. घरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी लगेच तुंबते. चार इंची नळीचा कलेक्टर लागतो. लाकडाचा भुसा हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत आहे. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. मास्क इथे ऐच्छिक नाही.

आवाजाचा प्रश्न काकूंनी सोडवला. या मशीनच्या जवळ उभं राहिलं की आवाज ८० डेसिबलच्या वर जातो आणि लाकूड आत गेलं की आणखी चढतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. काकू शेजारी जाऊन बोलल्या. "आजी, शनिवारी अकरा ते एक आमच्याकडे मशीन चालेल. चालेल ना?" आजी म्हणाल्या, "चालू दे गं, पण दुपारी झोपू दे." तेवढ्यावर वेळ ठरली. आठवडाभर खिळे काढणं, पीळ काढणं, तबकावर फळ्या बसवणं, आणि शनिवारी दोन तासांत सगळं एकदम मशीनमधून. मशीनखाली रबराची जाड चटई घातल्यावर सामायिक भिंतीतून जाणारी थरथरही कमी झाली.

खिळे आणि रंग

जंबुराने उघडे खिळे निघतात. तुटलेले सापडत नाहीत. काकांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवलं. जिथे दोरा तिरका झाला तिथे खडूने गोल. नंतर सुरक्षारक्षकांकडे असतं तसलं हाताचं मेटल डिटेक्टरही आणलं, कारण खोलातला बारीक खिळा चुंबकाला ओढत नाही आणि पितळ तर मुळीच नाही. प्रत्येक गोलात ड्रिलने सभोवार बारीक भोकं पाडून खिळा पकडीने उपटायचा. भोक उरलं तर सागाचाच गोल तुकडा चिकटवायचा, तोही तंतूंच्या रेषा जुळवून.

झडपांच्या बाबतीत मी हट्ट धरला. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो अमलात आला नोव्हेंबर २०१७ पासून. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असणार असंच धरून चालायचं. अशी झडप थिकनेसरमधून काढली तर शिशाची धूळ पार्किंगभर उडते, आणि त्याच दारातून नातवंडं घरात येतात. रिमूव्हर लावून रंग ओलाच खरवडायचा, खरवड कागदात गुंडाळून वेगळी ठेवायची आणि लाकूड उघडं झाल्यावरच मशीन. काकांना ते फार सावध वाटलं, काकूंना नाही. झडपा अजून तशाच उभ्या आहेत.

काय निघालं

पहिल्याच शनिवारी टोकांना खड्डा आला. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना ती एकाच रोलरच्या पकडीत असते, टोक किंचित उचललं जातं आणि शेवटचे दोन-तीन इंच बारीकसे खोल कापले जातात. याला स्नाइप म्हणतात. पूर्ण जात नाही, कमी करता येतो. पुढच्या-मागच्या टेकण्या बाहेरच्या टोकाला कागदभर उंच केल्या, फळ्या एकीच्या पाठीला दुसरी लावून घातल्या आणि प्रत्येक फळी तीन इंच जास्त लांब ठेवली. उरलेला खड्डा करवतीत गेला.

रेषेची दिशा काका खडूच्या बाणाने दाखवू लागले. उलट्या रेषेने घातलेल्या एका फळीला गाठीशेजारी तंतू उपटून बोटाला लागतील असे खळगे पडले, बाणानंतर पुन्हा नाही. देवघराचे फुटापेक्षा आखूड तुकडे मशीनमध्ये घालायचे नाहीत, कारण दोन रोलरच्या मध्ये सुटलेला तुकडा पाती उलटा फेकू शकतात. ते लांब पट्ट्यांना चिकटवून घातले किंवा फळी लांब असतानाच जाडी करून मग कापले.

व्हर्नियरने मोजलं तर दहा इंचांच्या रुंदीत दोन कडांमधला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत. जेवणाच्या टेबलाला याहून जास्त काही लागत नाही. पीळ असलेली ती घोडबंदर रोडची फळी तबकावरून काढल्यावर ओट्यावर चारही कोपऱ्यांनी टेकली. त्यासाठी सव्वा इंचातलं जवळपास दोन सूत, म्हणजे पाव इंच लाकूड गेलं, आणि काकूंना त्याचं वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण पिळाची किंमत जाडीतच मोजावी लागते, म्हणून पिळलेल्या फळ्या आधी आखूड कापाव्यात, असं मी आता सांगतो. चौरंगाच्या दोन फुटी तुकड्यात तोच पीळ चार मिलिमीटरऐवजी एकाच्या आसपास उरतो.

ऐन पावसाळ्यात मी काम थांबवायला लावलं. आपल्याकडे उघड्यावरच्या लाकडातला ओलावा हिवाळ्यात ११-१२ टक्क्यांच्या आसपास असतो, भर पावसात १६-१७ पर्यंत चढतो. दहा इंची आडव्या चिरीची (वर्षवलयांना समांतर कापलेली) सागवानी फळी तेवढ्याने रुंदीत सव्वादोन मिलिमीटर फुगते. ओल्या दिवसांत नेमक्या मापाला आणलेली फळी दिवाळीनंतर आटते आणि सांधा उघडतो. म्हणून टेबलाच्या फळ्या २४ च्या मापाला न्यायच्या असल्या तरी साडेपंचवीस मिलिमीटरवर थांबवल्या, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचल्या आणि वर वजन ठेवलं. मशीनच्या पाटावर मेण चोळून ठेवलं, नाहीतर ऐरोलीच्या खाडीकडच्या हवेत गंज यायला वेळ लागत नाही. उरलेला दीड मिलिमीटर ऑक्टोबरनंतर, दोन्ही बाजूंनी सारखा काढायचा आहे. चौरंग मात्र झाले, आणि भाऊबीजेला ते भावांकडे जातील.